आत्या आणि अत्ते : एका सरकारी वकिलांच्या सन्मानाचं प्रकरण

बचत गटाच्या बायकांनी पन्नास-पन्नास रुपये काढले होते. शाल बेळगावच्या रविवार पेठेतून आणली, नारळ घरचाच होता. सत्कार करायचा होता तालुका कोर्टातल्या सहायक सरकारी वकील मॅडमचा. दिवसही ठरला होता, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा. मॅडमनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि येणार नाही म्हणून सांगितलं. फोन माझ्याच हातात होता, त्यामुळे समोर बसलेल्या वीस-बावीस बायकांना ते मलाच सांगावं लागलं. सगळ्यांचे चेहरे पडले.

त्यांनी नकार का दिला, तो बरोबर होता का, आणि मग अशा माणसाचा मान ठेवायचा तरी कसा, हे समजून घेण्यासाठी हे प्रकरण मांडते आहे. फिर्यादी बाईंच्या वतीने न्यायालयाची परवानगी घेऊन मी सरकार पक्षाला साहाय्य करत होते, म्हणून बहुतेक गोष्टी डोळ्यांसमोर घडलेल्या आहेत. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. खटला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेखाली चालला, म्हणून कलमं जुनीच देते. नवीन संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्यात जिथे महत्त्वाचा फरक पडला आहे तिथे सांगेन.

घटना

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेचा पावसाचा पट्टा. भातशेती, थोडा काजू, आणि पोटापुरती जमीन भावाभावांत वाटली गेलेली. फिर्यादी बाई विधवा. शेत दिराच्या शेताला लागून. बाकीचे महिने ती काजूच्या कारखान्यात जायची, गराची साल काढायला. हे काम बोटांचं आहे. गर अख्खा राहिला तर भाव, तुकडा पडला तर नुकसान. तिच्या हातचा गर तुटत नाही, असं कारखान्यातल्या बायका सांगायच्या.

लावणीच्या दिवसांत बांध कोरल्यावरून भांडण झालं. दिराने विळा उगारला, तिने तोंडावर येणारा वार उजव्या हाताने अडवला. चार बोटांवर आडवी चीर. दिराचा एकोणीस वर्षांचा मुलगा तिथेच होता. आणि होती तिची आत्या, लावणीला मदत म्हणून पलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातून आलेली. आत्यानेच लुगड्याचा पदर फाडून हात बांधला आणि रस्त्यापर्यंत चालवत नेलं.

फिर्याद दवाखान्यात नोंदवली गेली. बाई बोलली मराठीत, हवालदारांनी लिहिली कन्नडमध्ये. उजव्या हाताला पट्टी, म्हणून डाव्या हाताचा अंगठा घेतला. कायद्याप्रमाणे फिर्याद वाचूनही दाखवली, कन्नडमध्ये. बाईला बाजारापुरतं कन्नड येतं. तिला सगळं बरोबर वाटलं.

एक शब्द

त्या फिर्यादीत लिहिलं होतं, ‘मळ्यात माझ्याबरोबर माझी अत्ते होती.’

कन्नडमधल्या ‘अत्ते’ या शब्दाला अनेक नाती आहेत. वडिलांची बहीण अत्ते, मामाची बायको अत्ते, आणि नवऱ्याची आई तीही अत्तेच. मामाला मुलगी देण्याची किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत जिथे जुनी, तिथे ही नाती एका शब्दात मावणं साहजिक आहे. आपल्या भागातल्या मराठी घरांतही तशी लग्नं होतात, पण मराठीत आत्या ती आत्या आणि सासू ती सासू. हवालदारांनी काही खोटं लिहिलं नव्हतं. आत्याला कन्नडमध्ये अत्ते म्हणतात, ते त्यांनी लिहिलं. वाचून दाखवलं तेव्हा बाईच्या कानाला ‘अत्ते’ हे ‘आत्या’सारखंच लागलं. तिने अंगठा दिला.

अडचण अशी की बाईची सासू घटनेच्या सहा वर्षं आधी वारली होती.

आरोपीच्या वकिलांनी हे बरोबर हेरलं. त्यांचा सगळा बचाव या एका शब्दावर उभा होता: फिर्यादीत साक्षीदार म्हणून मेलेल्या सासूला उभं केलं, चूक लक्षात आल्यावर महाराष्ट्रातून एक नातेवाईक बाई आणली, तीही बारा दिवसांनी. आत्याचा जबाब खरोखरच बारा दिवसांनी झाला होता, कारण दवाखान्यातून ती आपल्या गावी परत गेली होती, तिचीही लावणी राहिली होती. कागदावर मात्र ते वाईट दिसत होतं.

मॅडमनी हे आधीच पाहिलं होतं. साक्षीच्या दिवशी सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी फिर्यादी बाईला बाकावर शेजारी बसवून घेतलं. मॅडम धारवाडकडच्या. घरची भाषा कन्नड, मराठी इथे बदली झाल्यावर शिकलेली, नामांच्या लिंगाच्या चुका करत बोलायच्या. त्यांनी विचारलं, “अक्का, तुझी सासू कुठं असते?”

“वारली की मॅडम. सहा वर्सं झाली.”

“मग मळ्यात कोण होती?”

“आत्या. बाची बहीण.”

एवढंच. मी शेजारी होते, मला वाटलं आता त्या तिला सांगतील की असं विचारलं तर असं उत्तर दे. त्यांनी तसलं काही केलं नाही. म्हणाल्या, “जे झालं ते सांग. समजलं नाही तर समजलं नाही म्हण, लाजू नको.” मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या की शिकवलेला साक्षीदार उलटतपासणीत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच ओळखू येतो, आणि शिकवायचं मला कारणच नाही, ती खरं बोलते आहे.

साक्षीचं काम पुढे कसं गेलं ते नीट सांगण्याजोगं आहे. संहितेचं कलम २७७ सांगतं की साक्षीदार न्यायालयाच्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेत बोलला तर शक्य असल्यास ती साक्ष त्याच भाषेत लिहावी, ते शक्य नसेल तर साक्ष चालू असतानाच तिचा खरा अनुवाद तयार व्हावा. आमच्याकडे रोजचा व्यवहार असा चालतो की बाई मराठीत बोलते, कोणीतरी कन्नडमध्ये सांगतं, न्यायाधीश मजकूर सांगतात, टंकलेखक उतरवून घेतो. या वाटेत शब्द गळतात. बहुतेक गळलेल्या शब्दांनी काही बिघडत नाही. या शब्दाने खटला गेला असता.

सरतपासणीत, म्हणजे आपल्याच बाजूचे प्रश्न चालू असताना, बाई ‘आत्या’ म्हणाली आणि टंकलेखनात ‘अत्ते’ जाऊ लागलं, तेव्हा मॅडम उठल्या. साक्षीदाराने उच्चारलेला मराठी शब्द जसाच्या तसा कन्नड लिपीत घ्यावा आणि पुढे त्याचा अर्थ ‘वडिलांची बहीण’ असा नोंदवावा, अशी विनंती त्यांनी केली. न्यायाधीशांनी ती मान्य केली. उलटतपासणीत अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, पोलिसांना तुम्ही सासू होती असं सांगितलं होतं ना? बाई गोंधळली. “सासू कशी असंल, मेलेली बाई?” म्हणाली आणि रडू लागली. मॅडमनी तेव्हा मध्ये तोंड घातलं नाही. उलटतपासणी संपल्यावरच्या फेरतपासणीत तीनच प्रश्न विचारले: सासू कधी वारली, आत्या कोणत्या गावची, हवालदारांशी तू कोणत्या भाषेत बोललीस.

नंतर तपास अधिकाऱ्यांची साक्ष. त्यांनी सरळ सांगितलं की बाई मराठीत बोलली, आम्ही कन्नडमध्ये लिहिलं, आणि कन्नडमध्ये वडिलांच्या बहिणीलाही अत्ते म्हणतात. बचावाचा पाया तिथे निघाला.

आणखी एक गोष्ट, जी मी वीस वर्षांच्या वकिलीत फार थोड्या वेळा पाहिली. कलम २७८ प्रमाणे साक्ष पूर्ण झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते, आणि नोंद त्याला न समजणाऱ्या भाषेत असेल तर समजणाऱ्या भाषेत सांगायची असते. घाईच्या दिवशी हे सही घेण्यापुरतं उरतं. मॅडमनी आग्रह धरून ते करवून घेतलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधीची वेळ, पुढच्या केसची माणसं दारात उभी, आणि एक कारकून त्या बाईला तिचीच साक्ष मराठीत सांगतोय. एके ठिकाणी ती म्हणाली, “असं न्हाई म्हटलं मी, उजव्या बाजूनं आला म्हटलं.” दुरुस्ती नोंदवली गेली. सरकारने आपलं म्हणणं ऐकून घेतलं, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं असावं.

बोटं

आरोपपत्र आलं होतं भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ खाली, म्हणजे हत्याराने केलेली साधी दुखापत. पहिल्या दवाखान्याच्या दाखल्यात हाड मोडलेलं नव्हतं, म्हणून जखम साधी लिहिली गेली. हाड शाबूत होतं हे खरंच. तुटल्या होत्या त्या बोटं मिटवणाऱ्या कंडरा, ज्यांना आपण बोलताना शीर म्हणतो. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात त्या जोडल्या, तरी दोन बोटं पुरती मिटेनात. त्या शस्त्रक्रियेचे कागद आरोपपत्रात नव्हतेच. बाईच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत होते.

गंभीर दुखापत कशाला म्हणायचं हे कलम ३२० मध्ये दिलं आहे. हाड मोडणं हा त्यातला फक्त एक प्रकार. अवयवाची किंवा सांध्याची शक्ती कायमची जाणं हाही एक. मॅडमनी बाईला साक्षीच्या आधी एकच काम सांगितलं होतं, घरात दवाखान्याचा जो कागद असेल तो आण. ट्रंकेतले कागद आले आणि खटल्याचं रूप बदललं. प्रक्रिया संहितेच्या कलम ३११ खाली अर्ज करून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला बोलावलं. डॉक्टरांनी सांगितलं की ही दोन बोटं पूर्ववत होणार नाहीत. मग मॅडमनी ही गोष्ट न्यायालयाच्या नजरेस आणली. दोषारोप बदलण्याचा अधिकार त्याच संहितेच्या कलम २१६ खाली न्यायालयाचा आहे, निकालापर्यंत केव्हाही. न्यायालयाने दंड संहितेचं कलम ३२६, म्हणजे हत्याराने केलेली गंभीर दुखापत, लावलं, आणि कायद्याप्रमाणे बचाव पक्षाला साक्षीदार पुन्हा तपासण्याची संधी दिली.

मॅडमनी डॉक्टरांना विचारलेला शेवटचा प्रश्न माझ्या वहीत आहे. “या हाताने काजूच्या गराची साल काढता येईल का?” डॉक्टर थांबले, म्हणाले, नाही. कलमासाठी तो प्रश्न गरजेचा नव्हता. पण नोंदीत तो आला, आणि पुढे नुकसानभरपाईच्या वेळी त्याचाच उपयोग झाला.

जिथे आमचं बिनसलं

आता ज्या जागी मी स्वतः मॅडमवर चिडले होते, ती सांगते.

दुसरा आरोपी म्हणजे दिराचा मुलगा. आरोपपत्रात लिहिलं होतं की त्याने काकूचे खांदे धरले. साक्षीत बाई म्हणाली, पोरगा बांधावर उभा होता, ओरडत होता. आत्यानेही तेच सांगितलं. धरलं असं दोघीही म्हणाल्या नाहीत. युक्तिवादाच्या वेळी मॅडमनी न्यायालयाला स्पष्ट सांगितलं की या आरोपीविरुद्ध हजेरीपलीकडे पुरावा नाही.

बाईचा भाऊ कोर्टाच्या आवारात तोंडावर म्हणाला, “मॅडमनी पैसे खाल्ले.” मी त्याला गप्प केलं खरं, पण मनात मीही धुमसत होते. पीडिताच्या वकिलाला आपल्याकडे मर्यादित जागा आहे. प्रक्रिया संहितेच्या कलम २४ मध्ये २००८ च्या दुरुस्तीने पीडिताला आपल्या पसंतीचा वकील सरकार पक्षाच्या साहाय्याला देण्याची सोय झाली, पण असा वकील स्वतंत्रपणे साक्षीदार तपासू शकत नाही, तोंडी युक्तिवाद करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात स्पष्ट केलं. पुरावा संपल्यावर परवानगीने लेखी म्हणणं देता येतं. मी ते दिलं. बापलेकांचा सामाईक इरादा, म्हणजे एकच ठरलेला हेतू होता म्हणून मुलालाही धरावं, अशी पाच पानं लिहिली.

न्यायालयाने दिराला दोषी धरून दोन वर्षं शिक्षा दिली. मुलगा निर्दोष सुटला.

सरकारी वकील हा पीडिताचा खासगी वकील नव्हे, तो राज्याचा. शिव कुमार विरुद्ध हुकम चंद या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की काही करून शिक्षा मिळवायचीच अशी तहान सरकारी वकिलाला असू नये. आरोपीच्या बाजूचं काही खरं असेल तर तेही त्याने न्यायालयापुढे आणायचं असतं. हे मी विद्यार्थ्यांना शिकवतेही. तरी आपला माणूस समोर बसलेला असताना ते गिळणं जड जातं. माझं मन फिरलं ते बाईमुळे. निकालानंतर काही दिवसांनी ती माझ्याकडे आली तेव्हा भाऊ नव्हता. म्हणाली, “पोरगा नुसता उभा व्हता, ताई. मी तसंच सांगितलं न्हवं?” तिने खरं सांगितलं होतं. मॅडमनी त्या खऱ्याला धक्का लागू दिला नाही. माझी पाच पानं मात्र तिच्याच शब्दांच्या पलीकडे गेली होती.

पैशाची बाजू थोडक्यात. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना जुन्या संहितेत दंड करता यायचा दहा हजारांपर्यंतच (नव्या संहितेत ही मर्यादा पन्नास हजार झाली आहे). त्या दंडातून बाईला काय मिळणार? मॅडमनी अंकुश गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा २०१३ चा निकाल ठेवला, ज्यात प्रत्येक फौजदारी खटल्यात नुकसानभरपाईचा विचार करणं हे न्यायालयाचं कर्तव्य ठरवलं आहे, आणि न्यायालयाने कलम ३५७ अ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईची शिफारस करावी अशी मागणी केली. कर्नाटकाची पीडित भरपाई योजना २०११ ची आहे, पण शिफारस कोणी मागितलीच नाही तर ती आपोआप येत नाही. इथे आली, कारण डॉक्टरांचा तो ‘नाही’ नोंदीत होता.

मान कशाचा ठेवायचा

आपल्याकडे सरकारी वकील म्हटलं की एकच नाव सगळ्यांना ठाऊक असतं. उज्ज्वल निकमांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, मुंबई बाँबस्फोट आणि २६/११ चे खटले त्यांनी चालवले. ते खटले देशाने पाहिले. तालुक्याच्या कोर्टात बांधावरच्या भांडणाचा खटला कोण पाहतं? सकाळी गठ्ठाभर फायली, कुठे पंच फितूर, कुठे समन्स बजावलं नाही, कुठे मुद्देमाल आला नाही, आणि संध्याकाळी कोणाला काही सांगण्यासारखं उरत नाही. अशा ठिकाणी कुणी ट्रंकेतले कागद मागवतं, एका मराठी शब्दासाठी उठून उभं राहतं. ते लक्षात ठेवणं आपलं काम आहे, आणि सीमाभागात तर अधिकच. इथे भाषेचा प्रश्न आपण मोर्चात आणि सर्वोच्च न्यायालयातल्या महाराष्ट्राच्या २००४ च्या सीमादाव्यात शोधतो. तो साक्षीच्या पिंजऱ्यातही रोज उभा असतो, आणि या वेळी तो सोडवला एका कन्नड घरातल्या बाईने. हे मोकळ्या मनाने सांगायला हवं.

तरीही मॅडमनी सत्कार नाकारला तो बरोबरच होता, असं माझं मत आहे. दिराने बेळगावच्या सत्र न्यायालयात अपील केलं होतं. प्रकरण जिवंत असताना एका बाजूने शाल घेतलेली सरकारी वकील म्हणजे बचावाच्या हाती नवं कोलीत. शिवाय त्या सरकारी नोकर. सन्मानासाठी भरवलेल्या सभेला जायचं तर आधी परवानगी लागते. त्या स्वतः फोनवर याहून साधं बोलल्या होत्या: “अक्काला सांगा, उद्या तिच्या दिराची बायको माझ्याकडं फिर्यादी म्हणून आली, तर तिनं मला बघून परत जायला नको.”

हे वाक्य मी बायकांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कुणाला पटलं नाही. मग एक म्हातारी म्हणाली, खरं आहे, ती पण गावातलीच आहे.

शेवटी ठरलं की खात्याला पत्र लिहायचं, बेंगळुरूला, अभियोग संचालकांना. पहिला मसुदा शाळेत शिकवणाऱ्या एका मुलीने लिहिला: ‘मॅडमनी आम्हाला न्याय मिळवून दिला, आरोपीला शिक्षा केली.’ मी तो बाजूला ठेवायला सांगितला. शिक्षा न्यायालयाने केली. उद्या अपिलात निकाल फिरला तर मॅडमचं काम वाईट ठरेल का? मग मी फिर्यादी बाईला विचारलं, त्यांनी काय काय केलं ते तूच सांग. ती सांगत गेली, मुलगी लिहीत गेली.

आरोपीची माणसं व्हरांड्यात बसलेली असायची म्हणून मॅडमनी तिला आपल्या खोलीच्या दाराशी बसायला जागा दिली. तारीख पुढे गेली की आदल्या दिवशी निरोप यायचा, मजुरीचा दिवस बुडायचा नाही. घरातले कागद मागितले, आणि झेरॉक्स काढून मूळ कागद परत दिले. साक्ष मराठीत ऐकवली. उजव्या बाजूचं चुकलं होतं ते बदलून दिलं. चंदगडहून आलेल्या आत्याला साक्षीदाराचा प्रवासखर्च मिळतो हे सांगितलं आणि अर्ज करायला लावला. पोरगा नुसता उभा होता हे सुद्धा सांगितलं. हे शेवटचं बाईनेच घालायला लावलं. भावाने हरकत घेतली, तिने ऐकलं नाही.

पत्राचा कन्नड तर्जुमा मी केला. ‘आत्या’ हा शब्द मात्र तसाच ठेवला आणि पुढे सोदरत्ते, म्हणजे वडिलांची बहीण, असा खुलासा दिला, म्हणजे बेंगळुरूत बसून वाचणाऱ्याला कळावं की घोळ कुठे झाला होता. खाली बावीस सह्या आणि अंगठे. फिर्यादी बाईने डाव्या हाताने सही केली, तेवढ्या वर्षात ती शिकली होती.

नव्या संहितेत पोलिसांनी तपास कुठवर आला हे पीडिताला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं आहे, आणि सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय न्यायालय ती परवानगी देऊ शकत नाही. या तरतुदी चांगल्या आहेत. पण कळवायचं कोणत्या भाषेत, आणि ऐकणाऱ्याला ‘आत्या’ ऐकू येईल की ‘अत्ते’, हे त्या त्या टेबलावरच्या माणसावर राहणार.

मॅडमची त्यानंतर दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. पत्राची प्रत मी त्यांना पाठवली होती. फोन आला, पण पत्राबद्दल एक वाक्य बोलल्या आणि लगेच विचारलं, भरपाई जमा झाली का, नसेल तर प्राधिकरणाकडे पुन्हा अर्ज द्या.

शाल आणि नारळ घरातच पडून होते. संक्रांतीला आत्या चंदगडहून आली होती. या खटल्यासाठी राज्याची हद्द ओलांडून ती तीनदा आली, एकदा भर पावसात, आणि तीनपैकी दोन वेळा साक्ष न होताच परत गेली होती. बायकांनी तिला पाटावर बसवलं, ओटी भरली आणि शाल तिच्या खांद्यावर घातली.